वरीलप्रमाणे

"दोनशे तेरा टक्के?" व्यंकटराव सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या स्क्रीनकडे असं बघितलं, की जणू वरचे एकशे तेरा टक्के मीच घरून डब्यात घालून आणलेत. "शिवरंजनी, शंभराच्या वर टक्के असतात का कुठं?"

हा प्रश्न त्या आठवड्यात त्यांनी मला किती वेळा विचारला, ते मोजायचं मी सोडून दिलं होतं. मी परत पहिल्यापासून सांगितलं. सर्व्हेतला प्रश्न असा होता : तुमच्या गावाला कशाची गरज आहे? लागू असतील ते सगळे पर्याय निवडा. सगळे निवडा म्हटल्यावर माणसं सगळे निवडतात. कोणी पाणी आणि रस्ता म्हणतं, कोणी रस्ता, दिवे आणि दवाखाना. शंभर माणसांनी दोन-दोन गोष्टी मागितल्या तर बेरीज दोनशेच येणार.

"सर, आमच्या बोरीच्या दुकानात गिऱ्हाईक साखर, चहापत्ती आणि साबण मागतं. तेव्हा अप्पा त्याला, यातलं एकच काय ते सांग, असं म्हणत नाहीत."

"ते दुकान झालं. हे प्रेझेंटेशन हाय. गोल चकती काढ. अध्यक्षांना गोल चकती आवडते."

"गोल चकती शंभराचीच होते सर. याला आडव्या पट्ट्याच लागतात. एका पर्यायाला एक पट्टी. जास्त लोकांनी मागितलं की पट्टी लांब."

"मग प्रत्येकाचं पहिलं उत्तर तेवढं ठेव आणि बाकीची काढून टाक. होतील की शंभर."

आता यांना काय सांगावं. टॅबलेटमध्ये उत्तरं पर्यायांच्या यादीच्या क्रमानं साठतात, माणसाच्या तोंडातून आलेल्या क्रमानं नाही. यादीत सगळ्यात वर पिण्याचं पाणी होतं. पहिलं उत्तर तेवढं ठेवलं असतं तर सगळा जिल्हा तहानेनं व्याकूळ झालेला दिसला असता. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दुपारी पुन्हा येऊन गोल चकती कुठपर्यंत आली ते विचारलं.

आमची संस्था परभणीत वसमत रोडला एका हार्डवेअरच्या दुकानावर आहे. व्यंकटराव सर सचिव आणि मी डेटाची. डेटाची म्हणजे ज्याला कोणी हात लावत नाही ते सगळं माझ्याकडे. त्या वर्षी संस्था तीन ठिकाणी एकेक सोय करून देणार होती : जिंतूर तालुक्यात बोरीला, सेलू तालुक्यात वालूरला आणि गंगाखेड तालुक्यात राणीसावरगावच्या पलीकडच्या एका मेंढपाळ वस्तीला. प्रत्येक ठिकाणी एकच सोय. ज्या गोष्टीची पट्टी सगळ्यात लांब ती गोष्ट मिळणार. मे संपताना विश्वस्तांची बैठक होती आणि तिच्यात माझे तक्ते दाखवून निर्णय व्हायचा होता. एवढं सगळं माझ्या लॅपटॉपवर येऊन बसलं होतं, आणि लॅपटॉप तासाभरात भाकरी भाजून निघेल इतका तापत होता.

त्यात सुगंधाबाईंचे फोन. वस्तीवरच्या या बाईंना मी कधी पाहिलं नव्हतं. आमचा सर्व्हे करणारा रामप्रसाद तिकडचाच, त्यानं माझा नंबर देऊन टाकला होता.

"माय, म्या सुगंधाबाई बोलायलेय, वस्तीवरची. गाडीचं काय झालं?"

गाडी म्हणजे मुलींना शाळेत नेणारी गाडी. आमच्या यादीत तोही एक पर्याय होता. सुगंधाबाईंची नात दीपिका सातवी पास झाली होती. वस्तीवरची शाळा सातवीला संपते. आठवीला राणीसावरगावला जायचं, रस्ता डोंगराकडेनं, मध्ये वस्ती नाही. मुलं सायकलनं नाहीतर कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून जातात. मुली घरी राहतात.

"पोरगी लय हुशार हाय. जून आला की बापासंगं मेंढरांमागं जाईल. एकदा तिकडं गेली की पुन्हा शाळंत येत नसतीय बग कोणी. आमच्या दोन पोरी अशाच गेल्या."

"मावशी, गाडी मी देत नाही. मी फक्त पट्ट्या काढते."

"मग आमची पट्टी लांब काढ की माय."

मी हसले, कारण तेव्हा हसू येण्यासारखं होतं. एक दिवसाआड फोन यायला लागला तसं हसू गेलं. जेवताना फोन, एसटीत फोन, सर शेजारी उभे असताना फोन. शेवटी मी नंबर 'गाडी' या नावानं सेव्ह केला आणि वाजला की आधी एक सुस्कारा सोडायला लागले.

तक्ता काढणं हे काम सोपं आहे. सॉफ्टवेअरला सांगितलं की एका क्षणात पट्ट्या काढतं. त्याआधीची साफसफाई जीव घेते. एकेका माणसाची सगळी उत्तरं एकाच चौकटीत स्वल्पविराम देऊन कोंबलेली असतात, ती आधी फोडून वेगळी करायची. मग कळतं की स्वल्पविरामाच्या पुढे कुठं मोकळी जागा सुटली आहे, कुठं नाही, आणि सॉफ्टवेअरच्या मते जागा सुटलेलं पाणी वेगळं आणि न सुटलेलं पाणी वेगळं. रस्ता, रस्ते, रोड, सडक आणि 'रस्ता नीट पाहिजे' अशा पाच पट्ट्या आल्या. माणसाला हे सगळं एकच आहे ते कळतं. सॉफ्टवेअरला कळत नाही, आणि सॉफ्टवेअरला कळत नाही हे व्यंकटराव सरांना कळत नाही.

दोन दिवस मी सडका आणि रोड रस्त्याला जोडत बसले. बोरी झालं, वालूर झालं. तिसऱ्या दिवशी वस्तीचा तक्ता काढला आणि डोळे चोळून परत पाहिला. एक छोटी पट्टी होती : जनावरांचा दवाखाना, एक माणूस. आणि तिच्याखाली स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली एक पट्टी होती, तिचं नाव 'वरीलप्रमाणे'.

वस्तीला पाणी नको होतं, रस्ता नको होता. अख्ख्या वस्तीला वरीलप्रमाणे पाहिजे होतं.

मी रामप्रसादला फोन लावला. तो गंगाखेडला कुठल्या तरी लग्नात होता, मागे बँड वाजत होता.

"मॅडम, त्याचं असं झालं," तो म्हणाला, "दत्तरावमामांना पहिल्यांदा इचारलं. ते वस्तीत मोठे. ते म्हणले, जनावरांचा दवाखाना. मग पुढच्याला इचारलं तर तो म्हणला, दत्तराव बोलले तेच. त्याच्या पुढचा म्हणला, तेच. बाया बी तेच म्हणल्या. आमच्यात मोठ्या माणसानं एकदा सांगितल्यावर कोणी वेगळं बोलत नसतंय. आता पर्याय निवडल्याबिगर टॅबलेट म्होरं सरकंना, म्हणून मी 'इतर' दाबलं आन् लिहून टाकलं, वरीलप्रमाणे. ग्रामसभेच्या रजिस्टरला बी आमी असंच लिवतो."

"रजिस्टरमध्ये वरची ओळ वरच राहते रामप्रसाद. इथं राहत नाही."

ती राहिली नव्हती. कारण मधल्या काळात व्यंकटराव सरांनी सगळी फाईल नावांच्या अकारविल्ह्यानं लावून ठेवली होती, नीट दिसावी म्हणून. आणि कुणाचं उत्तर किती वाजता घेतलं तो कॉलम पुसून टाकला होता, कारण ते आकडे उगाच गर्दी करत होते. आता सुगंधाबाईंच्या ओळीच्या बरोबर वर वालूरचे कापडवाले शिवप्रकाश होते. त्यांना बाजारगल्लीत सीसीटीव्ही कॅमेरे पाहिजे होते. म्हणजे वरीलप्रमाणे धरलं तर सुगंधाबाईंनाही वालूरच्या कापडदुकानासमोर कॅमेरे पाहिजे होते.

मी सरांच्या टेबलाशी गेले आणि जे झालं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"काढून टाक त्या ओळी," ते म्हणाले. "खराब डेटा हाय. वस्तीचं पुढच्या वर्षी बघू."

"सर, ती माणसं आहेत."

"माणसं हायत, पण उत्तर दिलंय का त्यांनी? तूच सांग. वरीलप्रमाणे हे उत्तर होतं का?"

त्यांचं म्हणणं पूर्ण चूक नव्हतं आणि त्याचाच मला जास्त संताप आला. पुढच्या वर्षीपर्यंत दीपिकाच्या हातात काठी आलेली असेल, हे मला सततच्या फोनमुळे पाठ झालं होतं. मी म्हटलं, मी क्रम परत लावते, मला दोन दिवस द्या. रामप्रसादच्या टॅबलेटवर मूळ नोंदी जशा घेतल्या तशा होत्या. लग्न आटोपून तो टॅबलेट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून एसटीनं परभणीला आला आणि माझ्यासमोर शाळेत उभं केलेल्या पोरासारखा उभा राहिला. मी त्याला खूप बोलले. तो ऐकून घेत होता आणि मधूनच म्हणत होता, "पण ते तेच म्हणले ना मॅडम."

मी क्रम लावला. वस्तीच्या सगळ्या ओळी एकाखाली एक आल्या, सगळ्यात वर दत्तराव. मग जिथं जिथं वरीलप्रमाणे होतं तिथं दत्तरावांचं उत्तर भरलं. एकही माणूस न गाळता वस्ती परत उभी केली म्हणून मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. तक्ता काढला. एकच पट्टी आली. जनावरांचा दवाखाना, शंभर टक्के.

गाडीची पट्टी नव्हतीच. सुगंधाबाईंच्या ओळीतसुद्धा दवाखाना होता.

व्यंकटराव सर मात्र भलते खूश झाले. "बघ, आलं का नाही शंभर?" त्यांनी स्वतःच्या हातानं माउस घेऊन पट्टीची गोल चकती केली. चकती सगळी एकाच हिरव्या रंगाची झाली. तिच्याकडे ते पोटच्या पोराकडे बघावं तसे बघत राहिले.

तेवढ्यात फोन वाजला. गाडी.

"मावशी," मी उचलल्या उचलल्या म्हणाले, आणि माझा आवाज चढला होता, "रोज गाडी गाडी करता, आणि विचारलं तेव्हा तुम्ही गाडी मागितलीच नाही. दवाखाना मागितलाय तुम्ही. इथं लिहिलंय."

पलीकडून आधी मेंढ्यांना हाकलल्याचा आवाज आला.

"दत्तरावांच्या म्होरं कसं मागू माय? त्यायनी आधी सांगितलं हुतं."

"मग मला कशाला फोन करता?"

"तिथं बोलता येत न्हवतं म्हून तर तुला करायलेय. तुला कळंना का एवढं?"

मला कळलं नव्हतं. इतके दिवस ती बाई मला उत्तर देत होती आणि मी सुस्कारे सोडत होते. मी रागानं लालबुंद झाले होते आणि तो राग कुणावर काढावा ते समजेना, कारण फोनवरचं ऐकून एक ओळ बदलणं म्हणजे सरळ सरळ खोटा तक्ता करणं झालं असतं. आणि एका ओळीनं होणार तरी काय होतं. बाकीच्यांना खरंच दवाखाना हवा होता की तेही नुसतेच तेच म्हणाले होते, हे कुणालाच माहीत नव्हतं. मी सरांना म्हटलं की उद्या मी वस्तीवर जाते आणि प्रत्येकाला पुन्हा विचारते.

"आलेलं शंभर टक्के तू मोडणार?" सर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

गंगाखेडपर्यंत एसटी, राणीसावरगावपर्यंत दुसरी एसटी आणि पुढे रामप्रसादच्या मोटरसायकलवर मागे, असं करत मी दुपारच्या तोंडाला पोचले. दीपिकाला आठवीसाठी ज्या रस्त्यानं जावं लागणार होतं तो मी पाहिला. मला दिवसाउजेडी, मोटरसायकलवरसुद्धा तो लांब वाटला. वस्ती म्हणजे लिंबाच्या झाडांभोवतीची चाळीसेक घरं आणि कडेला जाळीच्या कुंपणात बसलेली मेंढरं. सुगंधाबाई पुढे आल्या, मला नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढीशीच हाय की तू. फोनवर लय मोठी वाटतीस." त्यांच्या मागे दीपिका उभी होती. माझ्या लॅपटॉपच्या पिशवीवरून तिची नजर हलत नव्हती.

सगळे झाडाखाली जमले. दत्तराव मध्ये बसले होते, उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशांचे. मी म्हटलं, सगळ्यांनी आपापलं सांगायचं, दुसऱ्याचं नाही. एकापेक्षा जास्त गोष्टी सांगितल्या तरी चालतील. सगळ्यांनी दत्तरावांकडे पाहिलं.

"मी माझं सांगितलंय," दत्तराव म्हणाले. "गेल्या पावसाळ्यात माझी मेंढरं पोट फुगून मेली. डॉक्टर आला तवर निम्मा कळप गेला हुता. म्हणून मी दवाखाना म्हणलो. बाकीच्यायनी बाकीचं सांगायचं. मला काय मालूम, समदे माझंच लिवून देतील म्हणून." मग लोकांकडे वळून म्हणाले, "सांगा की आता. ती पोरगी परभणीहून आलीय उन्हातान्हाची."

"आधी तुमी बोला मामा," कोणीतरी म्हणालं.

"मी शेवटी बोलतो."

मग कोणीच बोलेना. दत्तराव शेवटी बोलणार होते आणि बाकीचे त्यांच्या आधी बोलणार नव्हते. मी एकेकाचं नाव घेऊन विचारलं. प्रत्येकजण खाली बघून गालात हसायचा आणि म्हणायचा, मामा सांगतील की. मी म्हटलं घरोघर येते, तर एक बाई म्हणाली, घरी बी तेच सांगणार हाव. मी हात टेकले. वाटलं की टॅबलेट तिथंच त्या लिंबाला टांगावा आणि पहिली एसटी पकडावी. रामप्रसाद माझ्या कानाशी लागला. "मॅडम, ते बसलेत तवर कोणी बोलायचं न्हाई."

हळू बोललेलं दत्तरावांना ऐकू गेलं असावं. ते उठले, घोंगडी खांद्यावर टाकली, काठी घेतली. "मेंढरं सोडायची येळ झाली," म्हणाले आणि जाळी उघडून मेंढरं घेऊन डोंगराकडे चालू लागले. मे महिन्याच्या भर दुपारी कोणी मेंढरं सोडत नाही, हे दुकानदाराच्या घरात वाढलेल्या मलाही माहीत आहे. कोणी त्यांना थांबवलं नाही. ते वळणाआड जाईपर्यंत सगळे बघत राहिले.

मग एक बाई म्हणाली, "गाडी लिवा." तिच्यानंतर जी सुरुवात झाली ती आवरेना. मी आणि रामप्रसाद दोघंही टिपून घेत होतो तरी पुरत नव्हतो. गाडी, पाणी, दिवे, दवाखाना, पुन्हा गाडी. ज्यांच्या मुली सातवीत होत्या ते गाडी म्हणाले, ज्यांच्या नव्हत्या त्यांतलेही काही म्हणाले. दवाखानाही पुष्कळांनी सांगितला, कारण मेंढरं सगळ्यांचीच मेली होती, दत्तरावांची जास्त एवढंच. सुगंधाबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी एकदा डोंगराकडे पाहिलं.

"गाडी," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "दवाखाना बी लिव माय."

परभणीला येऊन मी नवा तक्ता काढला. या वेळी साफ करायला काही नव्हतं. गाडीची पट्टी सगळ्यात लांब, तिच्याखाली दवाखान्याची, ती जवळजवळ तेवढीच. सर म्हणाले, "गेलं शंभर," आणि खिन्न होऊन चहा घ्यायला गेले. बैठक दुसऱ्याच दिवशी होती, पुन्हा चकती करायला वेळ नव्हता, म्हणून माझ्या पट्ट्या वाचल्या.

बैठकीला तिन्ही ठिकाणची चार-चार माणसं बोलावली होती. वस्तीवरून दत्तराव, सुगंधाबाई, दीपिका आणि रामप्रसाद आले होते. बोरीचं आणि वालूरचं पटापट झालं. वस्तीचा तक्ता पडद्यावर आला तेव्हा अध्यक्षसाहेबांनी जांभई दाबली.

"हे पट्ट्यांचं मला काही उमगत नाही," ते म्हणाले. "वस्तीतलं जाणतं माणूस आलंय ना? मग त्यांनाच विचारू की. कशाला एवढी यातायात."

मी उभी राहिले. "सर, हे चाळीस घरांनी प्रत्येकानं वेगवेगळं..."

"बसा मॅडम, बसा. छान झालाय तक्ता." त्यांनी मला हातानंच खाली बसवलं आणि दत्तरावांकडे वळले. "बोला मामा. तुमच्या वस्तीला काय पाहिजे? तुम्ही म्हणाल ते देऊ."

मी खाली बसले आणि दातावर दात दाबले. इतके दिवस मी मोकळ्या जागा पुसल्या होत्या, सडका जोडल्या होत्या, उन्हात डोंगर पालथा घातला होता, आणि गोष्ट पुन्हा फिरून एका माणसाच्या तोंडाशी येऊन थांबली होती. त्या माणसाचा निम्मा कळप गेला होता. एक शब्द बोलायचा अवकाश, दवाखाना त्याचा होता. मागच्या रांगेत दीपिका ताठ बसली होती.

दत्तराव उठले. "माझं एकट्याचं इचारायलात का वस्तीचं?"

"वस्तीचं."

"मग सुगंधाबाई सांगतील."

सुगंधाबाई दचकल्या. उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर ओढून घेतला. जेवताना, एसटीत, दिवसाआड जिनं माझा जीव खाल्ला ती बाई समोरच्या खुर्च्यांकडे बघत राहिली, मग दत्तरावांकडे. तिचे ओठ हलले आणि ती म्हणाली, "दत्तराव म्हणतील तेच."

मी कपाळावर हात मारला. तो आवाज दोन-चार जणांना ऐकू गेला.

"मी काय म्हणीन ते ठावं हाय ना तुला?" दत्तरावांनी विचारलं. आवाजात राग होता.

"हाय," सुगंधाबाई खाली बघून म्हणाल्या.

दत्तरावांनी पडद्याकडे पाहिलं, डोळे बारीक करून, मग मला विचारलं, "पोरी, ती वरची लांब पट्टी कशाची?"

"गाडीची, मामा."

"मग गाडी द्या," ते अध्यक्षांना म्हणाले आणि खाली बसले.

अध्यक्षसाहेबांनी टेबलावर हात आपटून मंजूर म्हणून सांगितलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. जूनपासून गाडी सुरू करायची असं ठरावात लिहिलं गेलं. व्यंकटराव सर माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "बघ, पट्ट्यांची गरजच पडली नाही." त्यांना मी काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. सुदैवानं टाळ्यांत ते त्यांना ऐकू गेलं नाही.

सगळे चहाला बाहेर गेले. सुगंधाबाई दाराशी दीपिकाचे दोन्ही गाल धरून काहीतरी सांगत होत्या. मी वायरी गुंडाळत होते तेव्हा दत्तराव टेबलाजवळ आले. लॅपटॉपवर तक्ता अजून उघडाच होता.

"ह्याच्यात दवाखान्याची कंची?"

मी दाखवली. ते वाकले आणि दोन पट्ट्यांच्या टोकांमध्ये त्यांनी स्क्रीनवर बोट आडवं टेकवलं. जागा बोटाएवढीसुद्धा नव्हती.

"एवढंच कमी पडलं?"

"एवढंच."

"माझं धरलंय का ह्याच्यात?"

"नाही मामा. तुम्ही मेंढरांकडे गेला होता."

"धरलं असतं तर?"

खोटं सांगावं असं मला फार वाटलं. "तर दोन्ही सारख्या झाल्या असत्या," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. बोट उचललं तेव्हा काचेवर डाग राहिला होता. तो त्यांनी उपरण्याच्या टोकानं नीट पुसला आणि गंगाखेडची एसटी कितीला आहे ते मला विचारलं.